खारं पाणी सोडून आलेली होडी

गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावापासून समुद्र रस्त्यानं पाचशे किलोमीटरच्या आसपास. बालाघाटाच्या डोंगररांगांतल्या या गावात पाण्याचा विषय निघतो तो विहिरीचा, बोअरचा, मासोळी प्रकल्पाचा आणि तालुक्यातून वाहणाऱ्या गोदावरीचा. अशा मुलखात जुन्या फायबर होडीच्या बुडावर उठणाऱ्या फोडांची चर्चा कशाला, असं कुणीही विचारील. पण परभणी जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला तर उत्तर दिसतं. ढालेगाव, मुदगल, मुळी, दिग्रस या बंधाऱ्यांनी गोदावरीचं पात्र ठिकठिकाणी अडवलेलं आहे. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी आहे. या पाण्यावर मासेमारी चालते, कृषी पर्यटनवाल्यांना नौकाविहार हवा असतो, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यानं जो पूर पाहिला, त्यानंतर आपलीही एखादी होडी असावी असं नदीकाठच्या गावांना वाटणं स्वाभाविक आहे. नवी फायबर होडी परवडत नाही, म्हणून वापरलेली पाहिली जाते. आणि वापरलेल्या होड्यांचा खरा बाजार आहे तो कोकणात. तिथून ट्रकवर चढून होडी धरणात येते. माझं म्हणणं एवढंच आहे की, या प्रवासात होडीच्या खालचं पाणी बदलतं, आणि फोडांचं सगळं गणित त्या बदलावर उभं आहे. कोकणात नितळ दिसणारं बूड धरणात तसंच राहील, याची काहीही खात्री नाही. उलट कोकणात फोड आलेली एखादी होडी नीट हाताळली तर आपल्याकडे चांगली टिकू शकते. फोड मोजून होडी नाकारणारा आणि फोड नाहीत म्हणून डोळे मिटून पैसे मोजणारा, दोघेही अपुऱ्या माहितीवर व्यवहार करत असतात.

हे पटण्यासाठी फायबरची होडी बनते कशी, ते आधी पाहायला हवं. साच्याला आतून वॅक्स लावतात आणि त्यावर रंगीत गेलकोटचा थर देतात. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तो घट्ट होऊ लागला की काचतंतूंची मॅट अंथरायची, तिच्यावर पॉलिस्टर रेझिन ओतायचं, ब्रशनं भिजवायचं, रोलरनं हवेचे बुडबुडे काढायचे. मग पुन्हा मॅट, मध्ये विणलेलं रोव्हिंग, पुन्हा रेझिन. रेझिनमध्ये कोबाल्टचा प्रवेगक आणि वर शेकडा एक-दोन हार्डनर घातलेला असतो. हार्डनर कमी पडला, हवा दमट असली किंवा कामगारानं घाई केली तर रेझिन वरून कडक दिसतं, पण आत पुरतं पिकत नाही. मॅटचे तुकडे एकत्र धरून ठेवायला एक बंधक द्रव्य वापरलेलं असतं. ते काही मॅटमध्ये पावडरीच्या रूपात असतं, तर काहींत पाण्यात मिसळणाऱ्या गोंदाच्या जातीचं. हा गोंद पुढे पाण्याला वश होतो. म्हणजे होडी साच्यातून बाहेर निघते त्याच दिवशी तिच्या पुढच्या पंचवीस वर्षांचा बराचसा निर्णय झालेला असतो, आणि तो गेलकोटच्या आड असल्यामुळे गिऱ्हाइकाला दिसत नाही. अन्न व कृषी संघटनेनं १९९१ साली फायबरची मच्छीमार नौका कशी बांधावी यावर एक पुस्तिका काढली होती. अशा मार्गदर्शनाची गरज जगभरच्या छोट्या कारखान्यांना होती, कारण लाकडी होडीच्या सुतारकामाला पिढ्यांची शिस्त होती, आणि फायबरचं काम पाहता पाहता हातात आलं होतं. सुताराची चूक सांध्यात दिसते. रेझिन मिसळणाऱ्याची चूक दहा वर्षांनी दिसते.

ती दिसते फोडाच्या रूपात. पॉलिस्टर हा पदार्थ जलाभेद्य आहे असा आपला समज असतो; प्रत्यक्षात पाण्याचे रेणू गेलकोटमधून अतिशय सावकाश, पण न थांबता आत जात राहतात. आत त्यांना गाठ पडते ती न पिकलेल्या रेझिनमधल्या ग्लायकोलची, मॅटच्या गोंदाची, हवेच्या बारीक पोकळ्यांची. पाणी पॉलिस्टरचे बंधही हळूहळू तोडतं आणि त्यातून आणखी ग्लायकोल, आणखी आम्लं मोकळी होतात. हे मोठे रेणू गेलकोटमधून सहजी बाहेर पडू शकत नाहीत. मग एका बाजूला घट्ट द्रावण, दुसऱ्या बाजूला पातळ पाणी आणि मध्ये फक्त पाण्याला वाट देणारा पडदा, अशी शाळेत शिकलेली परासरणाची मांडणी तयार होते. फ्रान्सच्या नोले या अभ्यासकानं १७४८ साली डुकराच्या मूत्राशयाचा पडदा आणि मद्यार्क घेऊन हाच प्रयोग केला होता. घट्ट द्रावण पाणी ओढत राहतं, आतला दाब वाढतो आणि गेलकोट वर उचलला जातो. अमेरिकेत १९७० आणि १९८० च्या दशकांत या तक्रारी इतक्या वाढल्या की तिथल्या तटरक्षक दलानं ऱ्होड आयलंड विद्यापीठाकडून अभ्यास करून घेतला. थॉमस रॉकेट आणि व्हिन्सेंट रोझ यांचा अहवाल १९८७ मध्ये आला. फोडांचं मूळ पाण्यात विरघळू शकणाऱ्या द्रव्यांत आहे, ही समजूत तेव्हापासून पक्की झाली आणि बांधणीच्या पद्धतीही बदलल्या. ऑर्थो जातीच्या स्वस्त रेझिनऐवजी गेलकोटसाठी आयसो जातीचं आणि पहिल्या थरांसाठी व्हिनाइल एस्टर वापरण्याची चाल चांगल्या कारखान्यांत रुजली ती यातूनच.

आता खाऱ्या-गोड्याचा प्रश्न. मनुका साध्या पाण्यात टाकल्या तर टम्म फुगतात, आणि मिठाच्या किंवा साखरेच्या घट्ट पाण्यात टाकल्या तर तेवढ्या फुगत नाहीत; बाहेरचं पाणी जितकं घट्ट, तितकी आतली ओढ कमी. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्या पाण्याचा परासरण दाब पंचवीस वातावरणांच्या आसपास भरतो. म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या होडीच्या गेलकोटमागं जे द्रावण साठलं आहे, ते या क्षारांपेक्षा जास्त घट्ट असेल तेव्हाच पाणी जोरात ओढणार. धरणाच्या पाण्यात हा विरोधी दाब जवळपास शून्य. तिथं अगदी सौम्य द्रावणही पाणी खेचत राहतं. प्रयोगशाळेत गेलकोटची परीक्षा घेताना त्याचे तक्ते गरम आणि क्षारविरहित पाण्यात ठेवतात ते याचसाठी: फोड लवकर आणायचे असतील तर मीठ काढून टाका आणि पाणी तापवा. फायबरग्लासच्या पोहण्याच्या तलावांनाही असेच फोड येतात, आणि तिथं समुद्राचा काही संबंध नसतो. एप्रिल-मे महिन्यांत येलदरीच्या किंवा मुळीच्या उथळ पाण्याचा वरचा थर किती तापतो, हे तिथल्या मच्छीमाराला सांगावं लागत नाही. गरम पाण्यात विसरणाचाही वेग वाढतो आणि रेझिन तुटण्याचाही. प्रयोगशाळेत मुद्दाम करावी लागणारी मांडणी आपल्याकडे आपोआप तयार असते.

इथं एक बारकावा आहे, आणि माझा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. समुद्रात असताना होडीच्या भिंतीत पाणी शिरतच नाही, असं नाही. क्षारांमुळे पाण्याची आत जाण्याची प्रवृत्ती फार थोडी घटते. भिंत तिथंही वर्षानुवर्षं भिजत राहते, रेझिन तिथंही तुटतं, ग्लायकोल तिथंही साठतं. फक्त बाहेरच्या खारेपणानं आतला दाब धाकात ठेवलेला असतो. अशी होडी बाहेर काढली तर बूड नितळ दिसतं, विकणारा खरं बोलत असतो, आणि घेणाराही समाधानानं पैसे मोजतो. मग ती गोड्या पाण्यात उतरते. बाहेरचा धाक गेलेला असतो, आतलं द्रावण तयारच असतं. नव्या होडीला जे व्हायला अनेक वर्षं लागली असती, ते या होडीला एक-दोन हंगामांत होऊ शकतं. तेव्हा गावात असं म्हटलं जातं की, कोकणवाल्यानं फसवलं किंवा धरणाच्या पाण्यात काहीतरी खराबी आहे. फसवणूक कुणीच केलेली नसते. समुद्रात मिळालेलं प्रशस्तिपत्र धरणात चालत नाही, एवढंच घडलेलं असतं.

कोकणातल्या होड्यांची बुडं नितळ दिसण्याचं दुसरं कारण तिथल्या राहणीत आहे. कोकणच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्याआधी नौका किनाऱ्यावर घेतात, शाकारतात, प्लास्टिकखाली झाकून ठेवतात. छोट्या फायबर होड्या तर कित्येक ठिकाणी रोजच वाळूवर ओढल्या जातात. म्हणजे होडी पाण्यात जितके तास असते, त्यांच्या जोडीला सुकण्याचेही तास तिला मिळतात. पाणी सावकाश शिरतं तसंच सावकाश बाहेरही पडतं, आणि या ये-जेत फोड उठायला लागणारा सलग काळ मिळत नाही. वाळूवर ओढण्याची किंमत वेगळी असते: कण्यालगतचा गेलकोट घासून पातळ होतो, काही ठिकाणी तंतू उघडे पडतात, आणि तिथून पाण्याला थेट वाट मिळते. जी होडी खाडीत नांगरून ठेवलेली असते तिची गोष्ट आणखी निराळी. पावसाळ्यात खाड्यांच्या वरच्या अंगाला डोंगरातून इतकं पाणी उतरतं की तिथलं पाणी बरंचसं गोडं होतं. त्यामुळे कोकणात जुनी होडी पाहायला जाणाऱ्यानं वय आणि इंजिन यांच्याआधी विचारायला हवं ते हे: ही होडी पावसाळ्यात कुठं होती? वाळूवर, शाकारलेली की खाडीत? खाडीत पावसाळे काढूनही जिचं बूड नितळ आहे, ती होडी गोड्या पाण्याची परीक्षा अर्धीअधिक देऊन बसली आहे. माझ्या लेखी अशा होडीला जास्त पैसे देणं रास्त आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो रोजच्या अनुभवातून. खारं पाणी सगळं खातं, हे कोण जाणत नाही? इंजिनाचे भाग, खिळे, साखळ्या, वायरी समुद्रात लवकर जातात, मग फायबरच गोड्या पाण्यात लवकर का जावं? आक्षेप धातूपुरता शंभर टक्के खरा आहे. समुद्रावरून आणलेल्या आऊटबोर्ड इंजिनाचा गाभा तपासल्याशिवाय घेऊ नये, आणि नटबोल्ट बदलावेत. पण गंज ही विजेच्या सूक्ष्म प्रवाहाची क्रिया आहे आणि क्षार त्या प्रवाहाला वाट देतात; फोड ही पाण्याच्या ओढीची क्रिया आहे आणि तिथं क्षार विरोधात उभे राहतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आपली धरणं बारमाही भरलेली नसतात. उन्हाळ्यात पाणी मागं हटतं, होडी गाळात टेकते, मे महिन्याचं ऊन तिला वाळवून काढतं; मग कोकणासारखाच विसावा तिला मिळाला नाही का? मिळाला, आणि ज्या होडीला तो मिळतो तिची काळजी कमी करावी, हे मी मान्य करतो. सोळा-अठरा फुटांची हलकी होडी चार-सहा माणसं काठावर ओढू शकतात. ती रोज काम झाल्यावर पालथी घालून ठेवणारी मच्छीमार संस्था फोडांचा निम्मा खर्च वाचवते. अडचण नौकाविहाराच्या मोठ्या होड्यांची आहे. त्या धक्क्याला बांधलेल्या राहतात, आणि पाऊस चांगला झालेल्या वर्षी धरण उन्हाळ्यातही पुरेसं भरलेलं असतं. शिवाय गाळात टेकलेली होडी वरून वाळते तेव्हा तिचं बूड ओल्या चिखलातच असतं. ज्या अंगाला सुकायला हवं, तेच ओलं राहतं.

ऊन लागलं की फोड बसतात, मग प्रश्नच मिटला, असंही सांगितलं जातं. फोड बसतात हे खरं, आणि नेमकी तीच गोष्ट गिऱ्हाइकाला गोत्यात आणते. पाणी उडून जातं, पण ग्लायकोल सहजी उडत नाही. त्यातल्या नेहमीच्या एका जातीचा उत्कलनबिंदू १८८ अंशांच्या जवळपास आहे, आणि तो हवेतला ओलावाही धरून ठेवतो. होडी सहा महिने उन्हात उभी राहिली तर फोड आकसून गेलकोट जवळपास सपाट दिसतो. पाण्यात टाकली की तीच जागा पुन्हा उठते. म्हणून होडी पाहायची ती पाण्यातून काढल्या दिवशी. बूड पाण्याच्या फवाऱ्यानं, खरवडणीनं साफ करून घ्यायचं आणि उन्हं कलती असताना, गेलकोटला नजर जवळजवळ टेकवून, आडव्या प्रकाशात पाहायचं. डोक्यावरच्या उन्हात मसुराएवढा उंचवटा दिसत नाही. आडव्या उजेडात त्याची सावली पडते. तळहात सावकाश फिरवला तर डोळ्यांना न दिसलेलं बोटांना कळतं. विकायच्या तोंडावर बुडाला नवा रंग मारलेला असेल तर रंगाचा एक चौकोन खरवडून पाहण्याची परवानगी मागावी. ती मिळत नसेल तर किमतीची बोलणी तिथंच थांबवावीत.

फोड सापडला की तो कुठल्या थरातला, हे ठरवायचं. डोळ्यांवर चष्मा चढवून, अंगठ्यानं आधार देत अणकुचीदार हत्यारानं तो फोडावा. आत दाब असतो आणि द्रव पिचकारीसारखा उडू शकतो. नुसतं स्वच्छ पाणी आलं आणि खाली गेलकोट अखंड दिसला तर तो रंगाचा फोड. रंग खरवडला की संपला. चिकट, बोटांना तेलकट लागणारा, व्हिनेगरसारखा वास मारणारा द्रव आला आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला निळा लिटमस कागद त्यात लाल झाला, तर तो आतला, खरा फोड. त्याचा आकार वाटाण्यापासून रुपयाच्या नाण्याएवढा असेल आणि खाली मॅट घट्ट असेल तर त्रास गेलकोटच्या मागच्या थरापुरता आहे. फोड तळहाताएवढे आणि पसरट असतील, आत तंतू कोरडे पांढरे सुटे दिसत असतील, तर थर थरापासून सुटलेत. मग छोट्या हातोडीच्या दांड्यानं सगळं बूड ठोकून पाहावं. धड भिंत टणक आवाज देते, सुटलेली बद्द वाजते. बद्द वाजणाऱ्या भागाभोवती खडूनं रेघ ओढत गेलं की तासाभरात होडीच्या बुडावर तिचा नकाशा उमटतो. ओलाव्याचं मीटर असेल तर वापरावं, पण त्याचा आकडा देववाणी मानू नये. ते सापेक्ष वाचन देतं. पृष्ठभागावर वाळलेलं मीठ किंवा तांबं असलेला रंग त्याला फसवतो. पाण्याच्या रेषेच्या वरचं वाचन आणि खालचं वाचन यांतला फरक पाहावा. मीटर नसेल तर फूटभर पॉलिथिनचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का करून रात्रभर ठेवावा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला दव जमलेलं दिसलं तर भिंत ओली आहे. एवढ्या कामाला सर्वेक्षक लागत नाही, एक मुक्काम लागतो.

इतकं फोडपुराण झाल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, नाहीतर लेखाचा तोल जाईल: फोडांमुळे होडी एकाएकी बुडत नाही. गेलकोटमागच्या बारीक फोडांनी भिंतीची ताकद फारशी घटत नाही, आणि भिजलेलं फायबर वजनाच्या शेकडा एक-दोन एवढंच पाणी धरतं. जुन्या होडीत माणसाचा जीव धोक्यात घालणाऱ्या जागा वेगळ्या आहेत. इंजिन टांगायच्या मागच्या फळीत फायबरच्या आत प्लायवूड असतं. स्क्रूच्या छिद्रातून पाणी गेलं की ते आतल्या आत कुजतं, आणि वरून काहीच दिसत नाही. इंजिनाचा पाय धरून वर-खाली हलवल्यावर फळी लवते का, ते पाहावं. तळाखाली भरलेला फोम जुना असेल तर तो पाणी पिऊन बसलेला असतो, आणि होडी कागदावरच्या वजनापेक्षा कितीतरी जड झालेली असते. तराजूवर, नाहीतर ट्रकसकट वजनकाट्यावर, हे सहज कळतं. बुडाला पन्नास बारीक फोड आणि मागची फळी ठणठणीत असलेली होडी मी घ्या म्हणेन. नितळ बुडाची पण फळी लवणारी होडी फुकट मिळाली तरी तिच्यात प्रवासी बसवू नयेत. नोंदणीचे आणि सर्वेक्षणाचे कागद आहेत, आता काय पाहायचं, या समजुतीलाही हेच उत्तर. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ साली आला. त्याप्रमाणे कागद असायलाच हवेत. पण भिंतीच्या आतली ओल मोजणं हे त्या कागदांचं काम नव्हे.

दुरुस्तीच्या बाबतीत जे सर्रास चालतं ते असं: फोड घासायचे, मोटारीच्या गॅरेजमधली पुट्टी भरायची, वर गेलकोट किंवा रंग मारायचा, आणि होडी विकायची. ही पुट्टी पॉलिस्टरचीच असते आणि तिच्यातली भुकटी पाणी शोषते. आतलं ग्लायकोल तसंच कोंडलं गेलेलं असतं. वर्षभरात त्याच जागी पुन्हा उठाव येतो. बरी दुरुस्ती सोपी आहे, फक्त सावकाश चालते. फोड उघडून धड थरापर्यंत घासायचा. मग धुवायचं. ग्लायकोल पाण्यात विरघळतं, म्हणून गोड्या, शक्य तर गरम पाण्यानं वारंवार धुवायचं, वाळू द्यायचं, चिकटपणा परत आला की पुन्हा धुवायचं. त्यानंतर महिनोन्‌महिने सुकवणं. पॉलिथिनखाली दव जमायचं थांबलं की मग इपॉक्सीची भरणी आणि पाण्याच्या रेषेखाली इपॉक्सीचे अनेक थर. इपॉक्सी इथं चालतो, कारण पाणी ज्या प्रकारचे बंध तोडतं, ते बंध त्याच्या साखळीत तसे नसतात. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’ २००९ मध्ये नौदलाकडे गेली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून मे २०१० पर्यंत दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती नौका लाकडी पट्ट्या, काचतंतू आणि इपॉक्सी यांची आहे. मच्छीमार होडीला तो खर्च परवडणार नाही, हे उघड आहे. पण इपॉक्सीचा संपूर्ण सांगाडा बांधणं वेगळं आणि जुन्या पॉलिस्टरच्या बुडाला इपॉक्सीचं अस्तर देणं वेगळं. दुसरं काम एखाद्या संस्थेच्या आवाक्यातलं आहे. अट एकच, भिंत सुकलेली हवी. ओल्या भिंतीवर इपॉक्सी म्हणजे ओल आतच कोंडणं.

आणि सुकवण्याच्या बाबतीत परभणी जिल्हा कोकणाच्या कितीतरी पुढं आहे. किनाऱ्यावर हिवाळ्यातही हवेत दमटपणा राहतो. होडी महिनाभर उभी करूनही ओल हटत नाही. आपल्याकडे परतीचा पाऊस संपला की हवा कोरडी होते आणि ती कोरडीच राहते. त्यामुळे हिशेब असा बसतो. कोकणात होड्या मे महिन्याच्या अखेरीला किनाऱ्यावर चढतात. तेव्हाच जाऊन ओलं बूड पाहायचं, कारण फोड तेव्हाच खरे दिसतात आणि विकणाऱ्यालाही तेव्हाच पैशांची गरज असते. जूनच्या पहिल्या पावसाआधी होडी गावात आणायची. पावसाळ्यात फोड उघडून धुण्याचं काम करायचं. पागोळीचं पाणी यासाठी बोअरच्या क्षारयुक्त पाण्यापेक्षा चांगलं. दसऱ्यापासून पत्र्याच्या शेडमध्ये, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी, जमिनीपासून उचलून सुकवायची. माघ-फाल्गुनात, दिवसा ऊब असते आणि उन्हाचा कडाका अजून दूर असतो, तेव्हा इपॉक्सीचं काम. म्हणजे आणल्यापासून पहिलं वर्ष होडी पाण्यात जात नाही, आणि हीच गोष्ट घेणाऱ्याला जड वाटते. परंतु धरण तेव्हा तसंही उतरत आलेलं असतं. कामाचा खरा हंगाम पुढच्या पावसानंतरचाच. किंमत ठरवताना इपॉक्सी, मजुरी, शेडचं भाडं आणि हा वाया गेलेला हंगाम, हे चारही आकडे मांडून विकणाऱ्यासमोर ठेवावेत आणि तेवढी रक्कम मागणीतून वजा करावी. फोड नसलेल्या पण शाकारून ठेवलेल्या होडीसाठीही अस्तराचा खर्च वजा करूनच बोलावं, कारण तिला ते अस्तर धरणात उतरण्याआधी लागणारच आहे. खरेदीच्या कागदावर होडी कुठल्या साली बांधली, रेझिन कुठल्या जातीचं, आणि ती पावसाळ्यात कुठं राहिली, या तीन ओळी विकणाऱ्याच्या सहीनिशी लिहून घ्याव्यात. यांतलं पहिलं बहुतेकांना माहीत असतं, दुसरं फार थोड्यांना, आणि तिसरं विकणाऱ्याच्या शेजाऱ्यालाही विचारता येतं.